मुळांचा श्वास

आमच्या विठ्ठलवाडीच्या घराच्या अंगणांत रायवळ आंब्याचें एक झाड होतें. पानशेतचें धरण फुटलें त्या वर्षीं, म्हणजे सन १९६१ मध्यें, आजोबांनीं तें लावलें असें घरांत सांगत. फळ बेताचेंच; पण चैत्रांतली डाळ, उन्हाळ्यांतलें पन्हें आणि वर्षाचें लोणचें यांसाठीं आम्हांस कधीं बाजारांत जावें लागलें नाहीं. सन २०२१ च्या आषाढांत एका रात्रीं तें झाड मुळासकट आडवें झालें. वादळ नव्हतें, नुसती पावसाची झड होती. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. सकाळीं छत्र्या घेऊन आम्ही सर्व मंडळी अंगणांत जमलों. ८४ वर्षांच्या काकू पायरीवर उभ्या राहून उपटलेल्या बुंध्याकडे बराच वेळ पाहत होत्या. शेवटीं म्हणाल्या, "एवढा मोठा वृक्ष, आणि त्याचीं मुळें इतकींच?"

प्रश्न साधा होता. पण घरांतील एकाही शिकलेल्या माणसास त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. मुळें खरोखरच थोडीं होतीं. जीं होतीं त्यांतील बरींचशीं काळीं पडलेलीं, बोटांनीं चुरडलीं जाणारीं. आणि खड्ड्यांतून तुंबलेल्या मोरीसारखा आंबूस वास येत होता.

प्रारंभींच एक गोष्ट कबूल केलेली बरी. झाड पावसानें पाडलें असें आम्ही शेजाऱ्यांना सांगत होतों, पण तें खरें नव्हे. सन २०१६ मध्यें पुतणीचें लग्न ठरलें, तेव्हां अंगणांतील चिखल पाहुण्यांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून आम्हीं सगळें अंगण काँक्रीटनें झांकून घेतलें. बुंध्याभोवतीं वीतभर माती मोकळी ठेवली, आणि तेवढ्यावर आपण झाडाची सोय पाहिली असें समाधान मानलें. सांडपाण्याची नळी टाकण्यासाठीं झाडाच्या पश्चिमेस हातभर खोल चर खणला होता. त्यांत मनगटाएवढालीं तीन मुळें आडवीं आलीं. तीं तोडून टाकलीं. इतक्या मोठ्या झाडाचीं तीन मुळें गेलीं तर काय बिघडलें, असें आमच्यापैकींच कोणीं तरी म्हटल्याचें आठवतें. पुढें पांच वर्षांत मोहोर कमी कमी येत गेला, शेंड्याच्या डाहळ्या वाळल्या, आणि आम्ही दर वर्षीं हवामानाला दोष देत राहिलों. झाड पडलें तें बरोबर पूर्वेकडे. तंबूचे एका बाजूचे दोर कापले म्हणजे तो दुसऱ्या बाजूस कलंडतो, तसेंच तें झालें.

काकूंच्या प्रश्नानें आम्हांस जें पाहावयास आणि वाचावयास लावलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्यांच्या दारीं एखादें झाड आहे, किंवा निदान गॅलरींत तुळशीची कुंडी आहे, अशा प्रत्येक घराशीं त्याचा संबंध आहे.

पायांनीं पिणारा

संस्कृतांत वृक्षाला पादप असें नांव आहे. पायांनीं पितो तो पादप, ही व्युत्पत्ति आपल्या घरांतील मुलेंही जाणतात. पण हा पायांनीं पिणारा पायांनीं श्वासही घेतो, हें त्या शब्दांत आलेलें नाहीं. आणि म्हणूनच कीं काय, तें आपल्या ध्यानांत राहत नाहीं.

झाड जितकें वर तितकेंच खालीं असतें, अशी आपली सर्वसाधारण समजूत. वस्तुस्थिति निराळी आहे. बहुतेक वृक्षांचीं बहुतेक मुळें जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात. कोयींतून निघालेलें सोटमूळ रोपट्याच्या बालपणीं सरळ खालीं जातें हें खरें; परंतु झाड वाढूं लागलें म्हणजे आडव्या मुळांचाच विस्तार अधिक होतो, आणि तीं पानांच्या सांवलीच्या घेराबाहेर बरींच दूर जातात. मोठ्या ताटांत उभी केलेली समई डोळ्यांपुढें आणावी. झाडाची आकृति बरीचशी तशी असते. कारण उघड आहे. पावसाची ओल, कुजलेला पालापाचोळा आणि हवा हीं तिन्ही वरच्या थरांत विपुल असतात. जेथें अन्न तेथें मुळें.

डोळ्यांत भरतात तीं जाड मुळें घराच्या वाशांप्रमाणें आधाराचीं आणि वाहतुकीचीं असतात. पाणी पिण्याचें खरें काम शेवटचीं सुतासारखीं मुळें आणि त्यांवरील सूक्ष्म केंस करतात. या केंसांना मूलरोम म्हणतात. त्यांचा पसारा किती असावा? अमेरिकेंतील हॉवर्ड डिटमर या वनस्पतिशास्त्रज्ञानें तो सन १९३७ मध्यें मोजून प्रसिद्ध केला. राय नांवाच्या धान्याचें एकच रोप त्यानें दोन घनफुटांहून कमी माती असलेल्या पेटींत चार महिने वाढविलें, मग माती धुवून काढून मुळांची गणती केली. मुळें १ कोटी ३० लाखांहून अधिक भरलीं, आणि त्यांची एकत्रित लांबी ६०० किलोमीटरांच्या वर, म्हणजे मुंबईहून गोव्यास पोंचेल इतकी आली. मूलरोमांची संख्या १४०० कोटींच्या घरांत गेली. पेटीभर मातींत हा पसारा! आमच्या अंगणांतील आंब्यानें साठ वर्षांत किती माती आपलीशी केली असेल, याची कल्पनाच करावी.

हीं टोंकें आंधळेपणानें पुढें जात नाहींत. चार्लस डार्विननें आपला पुत्र फ्रान्सिस याच्या साह्यानें केलेले प्रयोग सन १८८० मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. मुळाचें टोंक ओल, स्पर्श आणि खालची दिशा ओळखतें, व मागील भागास वळण देतें, असें त्यांत दाखविलें आहे. दगड लागला तर तें बाजूनें जातें; ओल लागली तर तिकडे फांटे फोडतें. शिवाय मूळ मातींतून नुसतें घेतच नाहीं, तर देतेंही. पानांनीं केलेल्या साखरेचा एक भाग मुळांवाटे मातींत झिरपतो, आणि त्यावर असंख्य सूक्ष्म जीव पोसले जातात. बुरशीचे तंतु मुळांना बिलगून राहतात. ते दूरच्या मातींतलें स्फुरद आणून देतात व बदल्यांत साखर घेतात. या सहवासाला जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यानें सन १८८५ मध्यें नांव दिलें. आपल्या ठाणें जिल्ह्यांतील शेतकरी भात काढल्यावर उरल्या ओलींत वाल पेरतो. त्याच्या मुळांवर ज्या गांठी दिसतात त्यांत राहणारे जीव हवेंतील नत्र धरून वालास देतात. सारांश, जमिनीखालीं एक मोठें एकत्र कुटुंबच नांदत असतें, आणि कोण कोणाचा पोशिंदा हें सांगणें आपल्या घरांइतकेंच तेथेंही अवघड आहे.

कोंडलेली हवा

या सर्व कुटुंबाला प्राणवायु लागतो. मुळें पानांकडून आलेली साखर जाळून काम करण्याची शक्ति मिळवितात, आणि त्या ज्वलनांतून निघालेला कर्बवायु बाहेर सोडतात. अंधारांत असल्यामुळें त्यांना पानांप्रमाणें स्वतः प्राणवायु निर्माण करतां येत नाहीं. तो मातींतूनच मिळवावा लागतो.

चांगल्या बागेंतील माती हातांत घेतली तर ती घन वस्तु आहे असें आपणांस वाटतें. परंतु तिचा जवळजवळ अर्धा भाग पोकळ असतो. त्या पोकळींत साधारण निम्में पाणी व निम्मी हवा असली म्हणजे मुळांना तें मानवतें. पाऊस पडला कीं पोकळ्या पाण्यानें भरतात. उघडीप झाली कीं पाणी खालीं झिरपतें व त्याच्यामागून वरची ताजी हवा आंत ओढली जाते. गांडुळें, वाळवी, मुंग्या आणि कुजलेल्या जुन्या मुळांचीं भोंकें हीं या हवेचीं दारें. पाणी निघूनच गेलें नाहीं तर मात्र प्रसंग कठीण होतो. कारण प्राणवायु हवेंतून जितक्या त्वरेनें पसरतो त्याच्या सुमारें दहा हजार पट मंदपणें तो पाण्यांतून पसरतो.

घरोघरीं घडणारें उदाहरण सांगतों. तुळशीच्या कुंडीचें तळाचें भोंक मुळांनीं किंवा मातीनें बुजतें. सकाळीं आजी तांब्याभर पाणी घालते, नंतर आई घालते, आणि उरलेलें एखादें मूल घालतें. चार दिवसांनीं तुळस मान टाकते. आपणांस वाटतें तिला तहान लागली; म्हणून आणखी पाणी! वास्तविक तिचीं मुळें गुदमरलेलीं असतात. श्वास नाहीं म्हणून पाणी ओढण्याची शक्ति नाहीं, आणि भोवतीं पाणीच पाणी असून पानें तहानेनें सुकतात. अशा वेळीं कुंडी आडवी करून भोंक मोकळें करावें आणि माती सुकूं द्यावी; बहुधा तुळस पुन्हां सांवरते.

आमच्या आंब्याला आडवें करून सांवरतां येण्यासारखें नव्हतें. काँक्रीट ओतण्यापूर्वीं खालची माती रोलर फिरवून दाबली होती, तेव्हांच तिच्यांतील पोकळ्या मिटल्या. वरून दार लागलें. पावसाचें पाणी गटारांत जाऊं लागलें, आणि जें फटींतून आंत गेलें तें बाहेर पडेना. पालापाचोळा रोज झाडून घंटागाडींत गेला. म्हणजे गांडुळांचेंही अन्न संपलें.

दाबलेल्या मातींत मुळें वाढत नाहींत हें शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणत आले आहेत. त्याचें कारण मात्र अलीकडे नव्यानें उलगडलें, आणि तें समजण्यास आपली आंब्याची अढी फार उपयोगी आहे. गवतांत दडपलेल्या फळांतून एथिलीन नांवाचा वायु निघतो. तो अढींत कोंडतो आणि सगळे आंबे पिकूं लागतात. हाच वायु मुळांचीं टोंकेंही सोडीत असतात. माती भुसभुशीत असेल तर तो पोकळ्यांतून निघून जातो. माती घट्ट असेल तर तो टोंकाभोंवतीं सांचतो, आणि त्याची जाणीव होतांच मूळ आपली वाढ थांबवितें. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम विद्यापीठांतील बिपिन पांडे, माल्कम बेनेट आणि त्यांचे सहकारी यांनीं हें सन २०२१ मध्यें, म्हणजे आमचा आंबा पडला त्याच वर्षीं, प्रसिद्ध केलें. तोंवर समजूत अशी होती कीं घट्ट माती भेदण्याचें बळच मुळांत नसतें. परंतु ज्या भातरोपांना एथिलीनची जाणीव होत नव्हती त्यांचीं मुळें तीच घट्ट माती भेदून खालीं गेलीं. म्हणजे सामान्य रोपाचें मूळ बळ संपल्यामुळें थांबत नाहीं. पुढें हवा नाहीं असा अंदाज बांधून तें थांबतें. हें वाचल्यावर आमच्या अंगणाखालचीं तीं थोडकीं मुळें आम्हांस निराळीं दिसूं लागलीं.

भात आणि तिवर

येथें वाचक विचारतील कीं, मुळांना हवा इतकी आवश्यक, तर आपलें भात पाण्यांत उभें राहून कसें पिकतें? शंका योग्य आहे, आणि तिचें उत्तर विठ्ठलवाडीहून कर्जतच्या गाडींत बसलें कीं वाटेंतच आहे. बदलापूर मागें पडलें म्हणजे श्रावणांत रुळांच्या दोन्ही बाजूंस भाताचीं खाचरें लागतात. लावणीनंतर महिन्याभरानें एखादें रोप उपटून धुतलें तर मुळांवर गंजासारखा तांबूस थर दिसतो. त्या थरांतच सगळें रहस्य आहे.

भाताच्या मुळांत, खोडांत आणि पानांत हवेच्या लांबच लांब पोकळ्या असतात. पानांनीं घेतलेली हवा त्यांतून थेट मुळांच्या टोंकांपर्यंत उतरते. मुळाची बाहेरची बाजू अशी कीं वाटेंत हवा फारशी गळत नाहीं. टोंकाशीं मात्र थोडी बाहेर येते. कोंडलेल्या चिखलांत लोखंड विरघळून विषासारखें होतें. या प्राणवायूनें त्याचा गंज बनतो आणि तें मुळाच्या बाहेरच अडतें. तोच तो तांबूस थर. मौज अशी कीं पाण्यांत बुडालेल्या मुळाला अधिक पोकळ्या करण्याचा संदेशही तोच एथिलीन वायु देतो.

याहूनही आश्चर्यकारक दृश्य कल्याणच्या आणि ठाण्याच्या खाडीकांठीं आहे. ओहोटीच्या वेळीं तिवरांच्या राईजवळ पाहावें. झाडाभोंवतीं चिखलांतून बोटबोट, वीतवीत उंचीच्या काड्या हजारोंनीं उभ्या असतात. प्रथम पाहणारास वाटतें, नवीं रोपें उगवलीं आहेत. तीं मुळें आहेत! खालच्या काळ्या चिखलांत हवा नाहीं म्हणून तीं उलट दिशेनें, आकाशाकडे वाढलेलीं असतात. गीतेच्या पंधराव्या अध्यायांतील ऊर्ध्वमूल अश्वत्थ वाचतांना आपण अध्यात्माकडे वळतों. येथें वर येणारीं मुळें प्रत्यक्ष मोजतां येतात. त्यांच्या सालीवर सूक्ष्म छिद्रें असतात. भरतींत तीं पाण्याखालीं गेलीं म्हणजे आंतला प्राणवायु हळूहळू खर्च होतो, आंतला दाब कमी होतो, आणि ओहोटी लागतांच बाहेरची हवा आपोआप आंत ओढली जाते. समुद्र दिवसांतून दोनदां येऊन या झाडाचा श्वास अडवितो व दोनदां सोडतो. मिठाचा बराच मोठा भाग मुळें बाहेरच थोपवितात. जें मीठ वर जातें तें पानांवाटे बाहेर पडतें. तिवराचें पान जिभेला लावून पाहिलें तर खारट लागतें.

या राईचें मोल सरकारनेंही ओळखलें आहे. सन २०१२ मध्यें महाराष्ट्राच्या वनविभागांत स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला, सन २०१५ मध्यें ठाणें खाडींत रोहित पक्ष्यांचें अभयारण्य जाहीर झालें, सप्टेंबर २०१८ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें राज्यभर कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, आणि सन २०२२ मध्यें ठाणें खाडी रामसर स्थळांच्या यादींत गेली. परंतु तोड न करतांही हें झाड मारतां येतें. भरतीबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या या श्वासाच्या काड्यांवर गुंतून बसतात; मातीचा भराव पडला तर त्या पुरल्याच जातात. कुऱ्हाड न लावतां झाड उभ्या उभ्या गुदमरतें. आमच्या आंब्याचीच ही गोष्ट, फक्त खाडींत घडलेली.

भाताला आणि तिवराला बंद मातींत जगण्याची विद्या अनेक युगांत साधली आहे. आंब्याला ती तितकी साधलेली नाहीं, कारण त्याच्या पूर्वजांना मोकळी, निचऱ्याची जमीन मिळत आली. प्रत्येक जातीचें मूळ आपापल्या मातीशीं फार जुना करार करून बसलेलें असतें. आपण तो करार एका आठवड्यांत एकतर्फी मोडतों, आणि मग झाडच कच्चें निघालें असें म्हणतों.

बदलती नदी, बदलता पाऊस

आमच्या गांवाजवळून वालधुनी नदी वाहते. हिच्याच कांठीं वर अंबरनाथाचें शिलाहारकालीन देवालय आहे; त्याच्या शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ दिला आहे. आमच्या वडील पिढीनें या नदींत स्नानें केलेलीं आहेत. पुढें कारखाने वाढले, वस्ती वाढली, आणि नदीचा नाला झाला. नोव्हेंबर २०१४ मध्यें उल्हासनगराजवळ या पात्रांत रासायनिक द्रव ओतल्यानें जो वायु पसरला, त्यानें शेंकडों रहिवाशांना रुग्णालयांत जावें लागलें. माणसास पळून जातां येतें. कांठच्या उंबरास, करंजास आणि जांभळीस तेंच पाणी प्यावें लागतें.

मुळें अशा मातीचीही कांहीं सुधारणा करूं शकतात. माठांत टाकावयाचा वाळा आपल्या परिचयाचा आहे. ती एका गवताचीं मुळेंच. हीं तीन-चार मीटर खोल सरळ खालीं जातात, बांध व नदीकांठ धरून ठेवतात, आणि दूषित जमीनही बरीच सोसतात. म्हणून सांडपाण्याच्या शुद्धीकरणांत व उतार राखण्यांत हें गवत अनेक देशांत लावतात. पण रोज ओतल्या जाणाऱ्या विषापुढें कोणत्याही मुळाचें चालणार नाहीं, हेंही तितकेंच खरें.

नदीबरोबर पाऊसही बदलला आहे. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्रीं कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या लोकांनीं जें सोसलें त्याच्या कथा घरोघरीं आहेत. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीचा पूर रुळांवर येऊन महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ हजारांवर प्रवाशांसह अडकली होती. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं सन २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, १९५० ते २०१५ या काळांत मध्यभारताच्या पट्ट्यांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनें वाढल्याचें दाखविलें आहे.

मुळांच्या दृष्टीनें याचा अर्थ काय? पाऊस थोडा थोडा पडला तर मातीला श्वास घेण्यास मधें उसंत मिळते. तोच एकदम कोसळला तर दोन-तीन दिवस मुळें बुडतात, आणि नंतर लांबलेल्या उघडिपींत तींच मुळें कोरडीं पडतात. दोन्हींतून निभावण्यास झाडाला नव्या मुळांची सतत भरती करावी लागते. ज्याच्याभोंवतीं पोकळ, सजीव, पालापाचोळ्यानें झांकलेली माती आहे, तें झाड ही भरती करूं शकतें. शिवाय तीच माती पावसाचें पाणी जिरवून रस्त्यावरचा पूरही थोडा कमी करते. ज्याच्याभोंवतीं वीतभर माती आहे त्याच्याजवळ शिल्लक कांहींच नसते. सुकाळांत दोन्ही झाडें सारखींच हिरवीं दिसतात. फरक कळतो तो आषाढांतल्या एखाद्या रात्रीं.

अंगणांतील उरलेलें झाड

आंबा गेला, तरी अंगणाच्या दुसऱ्या टोंकास एक जांभूळ उभी होती. जांभळीची जात नदीकांठची, पाणी सोसणारी. म्हणून तिनें आमचें काँक्रीटही इतके दिवस सोसलें असावें. पण तिच्याही शेंड्याकडे दोन फांद्या वाळल्या होत्या. काँक्रीट फोडावें असा विषय आम्हीं घरांत काढला, आणि घरांत दोन पक्ष पडले. मोठ्या पुतण्यास त्याच जागीं गाडी उभी करावयाची होती. काकूंना पावसांत पाय घसरण्याचें भय; एकदां माजघरांत पडून त्यांनीं दोन महिने अंथरूण धरलें होतें, तेव्हां त्यांच्या म्हणण्याला वजन होतें. खर्चाचा प्रश्न होताच. झाडासाठीं माणसांची गैरसोय करावी काय, असेंही एकानें विचारलें, आणि तो प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नव्हता.

कायद्याचें बळ आम्हीं धुंडाळलें. नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा सन १९७५ चा आहे. त्यांत सन २०२१ मध्यें सुधारणा होऊन ५० वर्षें वा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानण्याची तरतूद आली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें एप्रिल २०१३ मध्यें दिल्लींतील झाडांच्या बुंध्याभोंवतींचें काँक्रीट एक मीटरपर्यंत काढण्याचा आदेश दिला होता. हें सर्व आम्हीं रात्रीच्या जेवणानंतर वाचून दाखविलें. परंतु मंडळींचें मन वळलें तें कायद्यानें नव्हे. आंब्याच्या बुंध्याचा एक तुकडा आम्हीं ठेवून दिला होता, त्याचीं तीं काळीं, पोकळ मुळें पुतण्यानें हातांत घेतलीं, थोडा वेळ उलटसुलट करून पाहिलीं, आणि म्हणाला, "गाडी बाहेर लावूं."

सन २०२२ च्या वैशाखांत जांभळीभोंवतीं सहा फुटांचें वर्तुळ मोकळें केलें. फोडतांना यंत्र न लावतां छिन्नी-हातोडा वापरला, म्हणजे खालीं उरलेलीं मुळें दुखावूं नयेत. घट्ट मातींत पहारीनें अंतराअंतरावर भोंकें पाडून तीं शेणखत व वाळू घालून भरलीं. काकूंसाठीं पायरीपासून तुळशीवृंदावनापर्यंत खडबडीत दगडी फरशांची वाट केली. फरशा सिमेंटांत न बसवितां वाळूवर ठेवल्या, मधें दोन बोटें फट राखली. तेव्हांपासून जांभळीचीं पडलेलीं पानें तिच्याच बुडाशीं टाकतों.

वाचकांना आमची विनंति थोडकीच आहे. दारच्या झाडाचा बुंधा फरशीनें आवळूं नये. निदान एक मीटर, आणि जमल्यास दोन, माती उघडी ठेवावी. चर खणावयाचा झाल्यास झाडापासून दूर खणावा. पालापाचोळा जाळूं नये कीं फेंकूं नये. कुंडीचें भोंक वर्षांतून एकदां तपासावें. वटपौर्णिमेस आपल्या घरच्या बायका ज्या वडाला सूत गुंडाळतात, त्याचा पार सिमेंटचा झाला आहे काय, आणि पारंबी जमिनीस टेंकूं पाहते तेथें माती आहे कीं फरशी, हेंही त्या दिवशीं पाहावें. नवें झाड लावण्याचे समारंभ पुष्कळ होतात, आणि तें चांगलेंच आहे. जुन्या झाडाखालची माती मोकळी करण्यास समारंभ लागत नाहीं, म्हणून ती गोष्ट राहून जाते.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर, सन २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास, आम्हीं जांभळीच्या बुडाचा पाला हातानें बाजूस सारला. खालची माती काळी, ओलसर आणि मऊ झाली होती; बोट सहज आंत गेलें. तिच्यांत पांढरींशुभ्र, सुतासारखीं नवीं मुळें सर्व बाजूंनीं पसरलीं होतीं. कांहीं तर कुजत्या पानांतच शिरलीं होतीं. काकूंना हात धरून दगडी वाटेनें तेथवर आणलें. त्यांनीं वांकून पाहिलें, पाला पुन्हां जागच्या जागीं सारण्यास सांगितलें, आणि म्हणाल्या, "झांका तें. वारा लागेल त्यांना."